पाहुण्यांच्या खोलीतला स्टोव्ह

बायांनो, आज दुपारपासून डोकं सुन्न झालंय.

नांदेडातल्या आमच्या मागच्या खोल्या दिवाळीच्या सुट्टीत हैदराबादहून येणाऱ्या पाहुण्यांना भाड्यानं द्यायच्या आहेत. तिथल्या छोट्या स्वयंपाकघरासाठी सामान घ्यायला आम्ही नवराबायको बाजारात गेलो.

मी म्हटलं, "चूल मांडून देते की."

हे दुकानदाराला म्हणाले, "नको, स्टोव्हच द्या. चुलीच्या धुरानं बायांचे डोळे लई खराब होतात."

मी बघतच राहिले. चौदा वर्षं ह्यांच्या देखत चूल फुंकून राहिले मी. म्हणजे ह्यांना सगळं ठाऊक होतं!

"आन् माझे डोळे?" मी भर दुकानात विचारलं. ह्यांनी खाली मान घालून स्टोव्हचे पैसे दिले.

तो स्टोव्ह मी माझ्याच स्वयंपाकघरात ठेवला. पाहुण्यांसाठी हे दुसरा आणायला गेलेत.

तरी मनातून जात न्हाई. तुमच्या नवऱ्यांनाही ठाऊक असेल का हो?