नारिंगी टोकाची शेगडी

शेगडी बंद आहे असं कात्रिन सांगत होती आणि मला गाडीत गॅसचा वास येत होता.

हार्त्सच्या डोंगरातल्या एका कॅम्पसाइटवर नवी शेगडी तपासून आम्ही दोघं हॅनोव्हरकडे परत निघालो होतो. नोव्हेंबरची सकाळ होती, गवत गोठून पांढरं झालं होतं आणि गाडीचा हीटर नुकता कुठे तापायला लागला होता. मी चारही काचा खाली केल्या, गाडी कडेला घेऊन थांबवली आणि मागच्या सामानातून शेगडीची पिशवी काढून लांब गवतावर नेऊन ठेवली. गॅसचा छोटा कॅन तिला जोडलेलाच होता. मी नॉब बंदच्या दिशेने फिरवून पाहिला. तो अजून थोडा फिरला.

"मी बंद केला होता," कात्रिन म्हणाली. "ज्योत विझलेली मी डोळ्यांनी पाहिली."

ज्योत विझली होती हे खरं होतं. थंडीत कॅनमधला दाब कमी होतो. नॉब पूर्ण बंद व्हायच्या आधीच बारीक ज्योत दम सोडते. हातात जाड मोजे, रबराचा वायसर गारठून कडक झालेला, त्यामुळे नॉब शेवटाला टेकल्यासारखा वाटतो. माणूस समजतो झालं बंद आणि पिशवीत भरतो. आमची ही शेगडी कॅन न काढता घडी करून पिशवीत जाते, हीच तिची खासियत होती. ती सुचली होती कात्रिनला.

मी एका कॅम्पिंगचं सामान बनवणाऱ्या कंपनीत टेस्ट इंजिनिअर आहे. तंबू, स्लीपिंग बॅग, शेगड्या. डिझाइनवाले वस्तू बनवतात आणि मी त्या मोडून, भिजवून, गोठवून बघतो. माझ्या खात्याने फ्रायगाबे दिल्याशिवाय, म्हणजे आता विकायला हरकत नाही असं म्हटल्याशिवाय, वस्तू दुकानात जात नाही. त्यामुळे ऑफिसात माझ्याशी सगळे गोड बोलतात, पण चहाला फारसं कोणी बोलवत नाही.

कात्रिन आमची डिझायनर. हुशार मुलगी. ही शेगडी तिच्या दोन वर्षांच्या कष्टाची होती. तिची नोकरी मुदतीच्या कॉन्ट्रॅक्टवर होती आणि आमचे साहेब, हेर ब्रांडेस, यांनी तिला सांगून ठेवलं होतं की दक्षिण जर्मनीतल्या एका मोठ्या दुकानसाखळीने ही शेगडी घेतली की तुझी नोकरी कायम. नाही घेतली तर काय, हे त्यांनी सांगितलं नव्हतं. ते सांगायची गरजही नव्हती. त्या दुकानसाखळीच्या खरेदीप्रमुख बाई वसंतात येणार होत्या.

आता अडचणीचा भाग. कात्रिनचं आणि माझं एका गोष्टीवर पटत नाही. म्हणजे एकाही गोष्टीवर पटत नाही.

मी कोल्हापूरचा, आणि तरीही शाकाहारी. हे ऐकून कोल्हापूरकर जसे बघतात, तसेच जर्मनही बघतात. आमच्या कॅन्टीनमध्ये त्या वेळी पक्के शाकाहारी दोघंच होतो, मी आणि कात्रिन. सगळे सॉसेज घेऊन एकीकडे बसत आणि आम्ही दोघं खिडकीजवळच्या टेबलावर बटाट्याचा तोच तो प्रकार समोर घेऊन भांडत बसत असू. ती सायकलवर येते, विमानात बसत नाही आणि तिचं मत कुठल्या पक्षाला जातं हे तिच्या हेल्मेटवरच्या स्टिकरवरून कळतं. मी जर्मन पासपोर्ट हातात आल्यापासून दर वेळी कॉन्झर्व्हेटिव्ह लोकांना मत देत आलो आहे. सरकारने लोकांच्या घरात कमी नाक खुपसावं, आपला भार आपण उचलावा आणि जुनी गोष्ट फेकण्याआधी ती इतकी का टिकली ते विचारावं, एवढंच माझं राजकारण. सामानाच्या बाबतीतही मी तसाच आहे. मला जाड कापडाचा तंबू आणि पितळी शेगडी आवडते. कात्रिन दातांच्या ब्रशची दांडी कापून वजन वाचवणाऱ्यांपैकी आहे.

आणि मी बंदुका चालवतो. कॉलेजात एनसीसीत पहिल्यांदा रायफल हातात आली तेव्हापासूनचं हे वेड. इथे आल्यावर गावच्या शुट्झेनफेराइनमध्ये, म्हणजे नेमबाजांच्या क्लबात, दाखल झालो. माझ्या गोळीने आजवर फक्त कागद मेला आहे. मला आवडते ती त्यातली शांतता. श्वास अर्धा सोडायचा, जग त्या काळ्या ठिपक्याएवढं करायचं आणि बोट हळूच मागे घ्यायचं. दिवसभराचे ईमेल त्या वेळी डोक्यात राहूच शकत नाहीत.

कात्रिनच्या मते खाजगी माणसाकडे बंदूक असूच नये. मी तिला सांगत असे की परवान्यासाठी वर्षभर क्लबात नेमाने जावं लागतं, परीक्षा द्यावी लागते, तुमचं वागणं धड आहे का हे तपासलं जातं आणि पुढे कधीही तुमचं बंदुकीचं कपाट बघायला सरकारी माणूस दारात उभा राहू शकतो. आणि मला त्याची अजिबात हरकत नाही. यावर ती हसून म्हणायची की कमी सरकार मागणाऱ्याच्या घरात सरकार कपाटापर्यंत पोचलं.

तर अशा माणसाच्या हातात अशा मुलीची शेगडी आली होती.

लॅबमध्ये आल्यावर मी शेगडी थंड पेटीत ठेवली आणि ऑफिसातल्या निरनिराळ्या लोकांना मोजे घालून ती बंद करायला सांगितली. बऱ्याच जणांकडून ती अर्धवट उघडी राहिली. नॉब सुंदर होता. गुळगुळीत, गोल, बाजूच्या पत्र्याशी सपाट. पण तो उघडा आहे की बंद, हे बघून कळायला मार्ग नव्हता.

हेर ब्रांडेस यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. नियमाप्रमाणे सगळ्या चाचण्या पास आहेत ना, असं त्यांनी विचारलं. होत्या. नियम एवढंच बघतो की बंद केलेली शेगडी गळते का. बंद झाली हे माणसाला कळतं का, असं तो विचारत नाही. मग माहितीपत्रकात ठळक अक्षरात सूचना टाकू, असा त्यांनी तोडगा काढला. मी म्हणालो की थंडीत तंबूत बसून माहितीपत्रक कोणी वाचत नाही, आणि हा नॉब असाच राहिला तर मी फ्रायगाबे देणार नाही.

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हेर मगदूम, तुम्हा दोघांच्या दुपारच्या चर्चा सगळ्या मजल्याला ऐकू येतात. लोक काय म्हणतील याचा विचार केलात का?"

घरी बायकोनेही तेच म्हटलं. भाकरी थापता थापता, मागे वळूनही न बघता. "अहो, ती म्हणेल बंदुकीवरचा राग शेगडीवर काढला."

मला वाईट वाटलं. ते साहेबांच्या किंवा बायकोच्या बोलण्याचं नव्हतं. कात्रिनची नोकरी जाईल आणि ती माझ्यामुळे गेली असं ती आयुष्यभर समजेल, याचं होतं. पण गाडीतला तो वासही डोक्यातून जात नव्हता. उद्या ती पिशवी एखाद्याच्या तंबूत उशाशी असेल.

दुसऱ्या दिवशी कात्रिन जेवणाच्या टेबलावर आली नाही. दुपारी ती सरळ माझ्या खोलीत आली आणि दार लावून घेतलं.

"सतीश, एकदाच विचारते. तुला माझी शेगडी नकोय की मी?"

"शेगडी," मी म्हणालो. "तू नकोशी असतीस तर मी सही करून टाकली असती. कोणाला तरी अपघात होऊ दिला असता आणि तेव्हा तुझं नाव सांगितलं असतं."

मग मी तिला म्हटलं की गुरुवारी संध्याकाळी आमच्या क्लबात ये. बंदुकीला हात लावू नकोस. काचेमागे उभी राहून नुसतं बघ. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिला खाटकाच्या दुकानात कॉफीला बोलावलं आहे. पण ती आली. मला खात्री आहे, ती वाद जिंकायला आली होती.

आमच्या रेंजवर त्या दिवशी फ्राऊ हेल्म्स देखरेखीला होत्या. निवृत्त शिक्षिका आहेत. त्यांनी थांबा म्हटलं की बंदूक गावच्या मेयरच्या हातात असली तरी तो थांबतो. त्यांनी नेहमीप्रमाणे गोळीबार थांबवला. सगळ्यांनी रायफली खाली ठेवल्या, बोल्ट उघडे केले आणि प्रत्येकाने नारिंगी प्लास्टिकची एक बारीक पट्टी रायफलीच्या चेंबरमध्ये, म्हणजे गोळी बसते त्या जागेत, खोचली. आत गोळी असेल तर ही पट्टी जातच नाही. तिचं नारिंगी शेपूट बाहेर लोंबत राहतं.

मी कात्रिनजवळ गेलो आणि विचारलं, "यातल्या किती रिकाम्या आहेत?"

"आल्झो, म्हणजे हे बघ, मला बंदुकीतलं काही कळत नाही," ती म्हणाली. मग जरा थांबून तिने बोट दाखवलं. "पण त्या कडेच्या माणसाच्या रायफलीला शेपूट नाही."

फ्राऊ हेल्म्स तोवर त्या माणसाजवळ पोचल्या होत्या. तो चांगला जुना नेमबाज. रिकामीच आहे, असं तो सांगत होता. त्या त्याच्याशी हुज्जत न घालता नुसत्या उभ्या राहिल्या. त्याने पट्टी खोचली तेव्हाच लोक निशाण बघायला पुढे गेले.

"रिकामी होती ती?" कात्रिनने विचारलं.

"होती."

"मग?"

"ते फक्त त्याला माहीत होतं."

ती बराच वेळ काचेतून त्या नारिंगी शेपटांकडे बघत राहिली. फ्राऊ हेल्म्स यांनी तिला एअर रायफलवर हात आजमावायचं आमंत्रण दिलं, ते तिने नम्रपणे नाकारलं. सफरचंदाचा रस प्यायली, सायकलला दिवा लावला आणि जाताना म्हणाली की तिचं बंदुकांबद्दलचं मत तसूभरही बदललेलं नाही. मी म्हटलं, गेनाऊ, अगदी बरोबर, तशी अपेक्षाही नव्हती.

पुढच्या आठवड्यांत नॉब गेला आणि त्याच्या जागी एक चपटी दांडी आली. शेगडी उघडी असली की दांडी काटकोनात बाहेर येते आणि तिचं नारिंगी टोक लांबूनही दिसतं. पूर्ण बंद झाली तरच दांडी शेगडीच्या अंगाला चिकटून बसते. अर्धवट असेल तर शेगडी पिशवीत शिरतच नाही. वजन थोडं वाढलं. त्या ग्रॅमांचं दुःख कात्रिनने मला रोज जेवताना ऐकवलं. मी ती दांडी थंड पेटीत ठेवली, पुन्हा सगळ्यांना मोजे चढवले, आणि जिथे ती अर्धवट राहिली तिथे ज्याच्या त्याच्या लगेच लक्षात आलं. मी फ्रायगाबे दिली.

मार्केटिंगने एक घोळ घातलाच. रायफलीचा उल्लेख माहितीपत्रकात चालणार नाही म्हणून त्यांनी लिहिलं की नारिंगी टोकाची कल्पना बागेतल्या काळ्या आम्झेल पक्ष्याच्या चोचीवरून सुचली. सोबत पक्ष्याचा फोटोही टाकला. हेर ब्रांडेस यांना तो फार आवडला.

वसंतात खरेदीप्रमुख बाई आल्या. उंच, मितभाषी बाई. प्रात्यक्षिक अंगणात ठेवलं होतं. ऊन लख्ख होतं आणि वारा वाहत होता. कात्रिनने शेगडी पेटवली, पाणी उकळलं, ज्योत बारीक केली आणि ती गॅस किती वाचतो ते सांगू लागली. नोकरी पणाला लागलेली असली की माणूस जरा भरभर बोलतो. बोलता बोलता वाऱ्याने ज्योत विझली. उन्हात निळी ज्योत तशीही दिसत नाही. कात्रिनचं लक्ष नव्हतं. माझ्या आणि शेगडीच्या मध्ये हेर ब्रांडेस उभे होते.

"शेगडी उघडी आहे," बाई टेबलाच्या पलीकडून म्हणाल्या.

कात्रिनने झटकन दांडी आत दाबली. हेर ब्रांडेस आपल्या बुटांकडे बघू लागले. मला वाटलं, संपलं सगळं.

बाई टेबलाला वळसा घालून आल्या. त्यांनी दांडी स्वतः दोनतीनदा उघडली, मिटली. "मी इतकी लांब उभी होते. तिथून मला दिसलं," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. मग त्यांनी विचारलं, "हे खरंच पक्ष्यावरून सुचलं?"

"नाही," कात्रिन म्हणाली. "शुट्झेनफेराइनमधून. माझा एक सहकारी मला तिथे घेऊन गेला. त्याची मतं मला मान्य नाहीत, पण हे मान्य आहे."

हेर ब्रांडेस यांना खोकला आला. बाईंनी मान डोलावली आणि माल कधीपर्यंत मिळेल ते विचारलं.

कात्रिनची नोकरी त्या उन्हाळ्यात कायम झाली. मला खूप आनंद झाला आणि मी तो तिला बोलून दाखवला. ती म्हणाली, आता भांडायला वेळच वेळ आहे. खिडकीजवळच्या टेबलावर आम्ही अजून बसतो. निवडणूक आली की आवाज वाढतो. तिचं मत कुठे उभं आहे हे मला लांबून दिसतं आणि माझं तिला. त्यामुळे आम्ही दोघं एकमेकांच्या शेजारी निर्धास्त बसू शकतो.

हेर ब्रांडेस मात्र तिच्याशी बोलताना तिच्या बाजूचे असतात आणि माझ्याशी बोलताना माझ्या. त्या जुन्या नॉबसारखंच, बघून काही कळत नाही. त्यांच्या खोलीत मीटिंग असली की मी आधी खिडकी उघडतो.