घामानं निघत नाही ते

भरती अकॅडमीतली पोरं सगळ्या दुखण्यांवर एकच औषध घेतात: राउंड. सर्दी झाली, मार राउंड. वजन वाढलं, मार राउंड. घरून फोन आला, डोकं फिरलं, मार राउंड. चाकण-तळेगाव रस्त्याच्या कडेला, गोडाऊन व्हायची वाट बघत पडलेला एक प्लॉट हे त्यांचं मैदान. सैन्यभरतीसाठी सकाळी इथं पळायचं आणि दुपारी कंपनीत शिफ्टला जायचं, असं निम्म्यांचं आयुष्य. मी दर शनिवारी एका संस्थेतर्फे तिथं एचआयव्हीबद्दल बोलायला जायचे, पिशवीत पत्रकं आणि कंडोम घेऊन.

बोलायला म्हणजे एकटीनंच बोलायला. पोरं मांडी घालून बसायची, माना खाली आणि हातानं गवत उपटणं चालू. कुणी काही विचारायचं नाही, कारण पहिल्याच दिवशी त्यांनी मला ताई करून टाकलं होतं. एकदा ताई झालं की संपलं. ताईला असलं काही कोण विचारणार?

"मॅडम म्हणा रे," मी म्हणायचे.

"हो ताई," सगळे एका सुरात.

त्यात उस्ताद. म्हणजे अकॅडमीचे मालक, जवळच्याच गावातले, सैन्यातून निवृत्त झालेले हवालदार. माझं अर्ध्या तासाचं बोलणं संपलं की उठायचे आणि त्यावर पाणी ओतायचे. "मॅडमनी सांगितलं ते बराबर हाय. पण ध्यानात ठेवा, मेडिकलला डॉक्टर टॉर्च मारतो. बाईपाशी जाऊन आलेलं पोरगं त्याला तवाच वळखू येतं. लंगोट सुटला की भरती सुटली!"

पोरांचे हात थांबायचे. टॉर्च! असल्या थापेनं माझं डोकं तापायचं. पण पोरांसमोर उस्तादांना खोटं पाडलं असतं तर पुढच्या शनिवारी गेट बंद झालं असतं. मी दात-ओठ खात पत्रकं वाटायचे.

एका मे महिन्यात बीडकडचा एक पोरगा जाड जर्किन घालून पळायला लागला. पळण्याची परीक्षा तो पास झालेला, मेडिकल तोंडावर आलेली, आणि हा भर उन्हात राउंडवर राउंड मारतोय. उस्ताद खूष. "बघा, पास होऊन बी घाम गाळतोय!" झालं, पुढच्या शनिवारी आणखी तिघं जर्किनात.

मला मात्र तो लंगडताना दिसला. बाकीचे गेल्यावर टाकीपाशी बनियन पिळत बसला होता, तिथं मी त्याला गाठला.

"पाय गेला तर मेडिकलला काय दाखवणार आहेस?"

"ताई, घामातून निघून जातं ना सगळं?"

"सगळं म्हणजे?"

"म्हंजे... दोस्ताच्या रक्तात कायी असलं तर."

"दोस्त पळतोय का तू पळतोयस?"

तो हसला, मग हसायचा थांबला. पास झाला म्हणून रूमवरच्या पोरांनी महिन्यापूर्वी पार्टी दिली होती. तिथून त्याला लॉजवर एका बाईकडे नेलं. "म्या नाही म्हणलं, तर म्हणले, फौजी व्हायलास अन् भ्यायलास व्हय?"

"आणि कंडोम?"

"तुमी दिलेलं होतं की खिशात. काढायची लाज वाटली."

"वा रे पठ्ठ्या! कपडे काढायची नाही वाटली, खिशातलं पाकीट काढायची वाटली."

तो कानापर्यंत लाल झाला. मग म्हणाला, घामानं निघालं नाही तर मेडिकलला जायचंच नाही असं ठरवलंय. टॉर्च मारला की कळणारच. घरी सांगायचं, पाय मुरगळला.

"घामानं मीठ निघतं," मी ओरडलेच. "एचआयव्ही नाही! आणि टॉर्चनं कानातला मळ दिसतो."

सोमवारी त्याला सरकारी दवाखान्यातल्या तपासणी केंद्रात नेलं. समुपदेशक बाईंनी दार लावून त्याच्याशी बोलून घेतलं, रक्त घेतलं. रिपोर्ट निगेटिव्ह आला. पण लागण झाली असली तरी ती रक्तात लगेच दिसत नाही, म्हणून त्या रात्रीला तीन महिने झाले की पुन्हा तपास, असं त्यांनी बजावलं.

"तवा तर म्या ट्रेनिंगला असीन," तो बाकावर बसून म्हणाला. "तिथं कुणाला सांगू?"

"तिथल्या डॉक्टरला."

"डॉक्टरलाच? त्याच्यापासून तर लपवायचंय!"

मी तिथूनच तडक उस्तादांचं घर गाठलं. पोराचं नाव घेतलं नाही. "तुमच्या टॉर्चपायी एक पोरगा मेडिकल सोडून चालला होता."

"कोन?"

"ते विचारू नका."

"अवो, म्या नुसतं भ्या घालतो. भ्यालं की पोरगं सरळ चालतं."

"भ्यालं की पोरगं लपतं, उस्ताद. तुमच्या पलटणीत कुणी टॉर्चनं सापडला होता का?"

त्यांनी मिशीवरून हात फिरवला. "न्हाई," म्हणाले. "एक जण आजारी व्हता. त्यानं सांगितलंच न्हाई कुनाला. लई उशिरा कळलं." आणि आत वळून चहा टाकायला सांगितला.

शनिवारी माझ्या आधी तेच उठले. "टॉर्चनं काय बी दिसत न्हाई. म्या थाप मारली. डॉक्टरला तोंडानं सांगावं लागतं. आता मॅडमला काय ते इचारा. मी हितं थांबत न्हाई."

ते गेले. पोरं पुन्हा गवत उपटायला लागली. मग बीडकरानं हात वर केला. दोन दिवसांवर त्याची मेडिकल होती, आणि तो जाणार होता.

"ताई, ती एचआयव्हीची टेस्ट कुठं करत्यात? पैसे लागत्यात का? कुणाला सांगत्यात का?"

सगळं माहीत असलेला तो एकटाच होता. मीही पहिल्यांदाच सांगतेय असं सगळं सांगितलं. टेस्ट फुकट होते. दार लावून बोलतात. कुणाला सांगत नाहीत.

"तुला कशाला रं पाहिजे?" शेजारच्यानं त्याला कोपर मारलं.

"तुला नको असलं तर कान झाक."

शेजारच्यानं कान झाकले नाहीत. बुटाची नाडी सोडली, पुन्हा बांधली, आणि नाडीकडेच बघत विचारलं, "सोमवारी किती वाजता उघडतं, मॅडम?"