लव्हाळा आणि माकडीण

माझा राग फार वाईट. तळेघरच्या आमच्या भातखाचरातला लव्हाळा मी वर्षानुवर्षं त्याच रागाने खुरप्याने तोडला, उपटला, उन्हात वाळवून जाळला. आठ दिवसांत गडी पुन्हा हजर. मातीत मुळाची एक गाठ राहिली तरी त्याला पुरते.

दुसरा वैरी म्हणजे लाल तोंडाची माकडं. आदल्या वर्षी त्यांनी वरच्या तुकड्यातली नाचणी अख्खी ओरबाडून नेली आणि घरात भाकरीचे वांधे झाले. यंदा एक कणीस द्यायचं नाही, असं मी ठरवूनच बसले होते.

जुन्नरला कॉलेजात शिकणारी पुतणी सुट्टीला आली होती. ती म्हणाली, "काकी, ही माकडं कमी होत चाललीत. जगातल्या धोक्यातल्या जातींच्या यादीत त्यांचं नाव हाये. लव्हाळ्याला मातर कायबी धोका न्हाई."

"मंग यादीवाल्यांनी येऊन राखण करावी की!" मी फटकारलं.

गोफणीचा धोंडा झाडाच्या बुंध्यावर मारायचा, माकडाच्या अंगावर कधीच नाही, हा आमच्याकडचा रिवाज. त्या सकाळी टोळी नाचणीत शिरली. मी ओरडले तशी बाकीची पळाली. एक माकडीण मात्र माझ्याकडे बघत निवांत कणीस चावत बसली. माझं डोकं फिरलं. मी नेम धरला तो तिच्यावरच. धोंडा कानशिलात बसला. ती कोसळली, तोंडातून रक्त आणि नाचणीचे दाणे आले, तरी मी दुसरा धोंडा हाणला. मग तिच्या पोटाखाली पिलू दिसलं.

सासरे धावत आले. "सूनबाई, काय केलंस ह्ये? मारुतीचा जीव घेतलास गं!"

आमच्याकडे मेलेल्या माकडाला माणसासारखंच पुरतात. सासऱ्यांनी बांधावर खड्डा खणला, गुलाल, नारळ आणला. पण पिलू आईला सोडेना. "आता तूच सोडव," ते म्हणाले. मी एकेक बोट उकलू लागले. ते किंचाळलं, माझ्या अंगठ्याला कडाडून चावलं. मी चिडून दोन्ही हातांनी ओढलं, लव्हाळा ओढते तसंच, आणि ते सुटून आलं.

पिलाने दुधाला तोंड लावलं नाही. तिसऱ्या दिवशी ते गेलं. आईशेजारी पुरताना त्याची मूठ उघडली, तर आत तिचे केस होते. मला माझ्या हातांची किळस आली.

नाचणी वाचली. आठवड्याने बांधावरच्या त्या उकरलेल्या मातीतून लव्हाळ्याचे कोंब वर आले. मी खुरपं टाकून तिथेच रडत बसले. परत येण्यासारखं त्या मातीत तेवढंच होतं.