पालमच्या केबलवाल्याची बदनामी

खात्री न करता तुम्ही कधी कुणाला चोर ठरवलंय का? मी गेल्या आठवड्यात ठरवलं.

आईला कमी ऐकू येतं, म्हणून टीव्हीसाठी साउंडबार घेतला. तो जोडायची ऑप्टिकल केबल आणायला पालमच्या बाजारात गेले. स्वस्तातली फसवी असणार, या संशयानं मी सोनेरी टोकांची महागडी केबल उचलली. दुकानदारानंच अडवलं. "ताई, हिच्यातून आवाज उजेडानं जातो. सोन्याचं काय काम? दोन हात अंतराला साधी बास हाय."

घरी साधी केबल दाबून बसवली, तर आवाजच नाही. मी चळवळीत पत्रकं वाटतच मोठी झाले. राग आला की आधी मथळा सुचतो. 'ग्राहकांनो, पालमची लूट ओळखा!' दुकानाच्या फोटोसकट मजकूर गावोगावच्या ग्रुपवर टाकला. दुकानदाराला साधा फोनही केला नाही.

संध्याकाळी आईनं केबलचं टोक निरखलं. "अगं, ह्याला टोपण हाय की. काढायचं न्हाई व्हय?" नखाएवढं पारदर्शक टोपण तिनं काढलं आणि बातम्या घरभर ऐकू आल्या. "लय शिकलीस बाई!" ती हसली. मला तिच्याकडे बघवेना.

मजकूर मी पुसला, पण तोवर तो पार झरी गावापर्यंत पोचला होता. दुसऱ्या दिवशी दुकानात जाऊन माफी मागितली. दुकानदार एवढंच म्हणाला, "सकाळपासून लोक फोटो दाखवून हसायलेत, ताई."

तो मजकूर तुमच्याकडे आला असेल, तर पुढे पाठवू नका. ज्यानं पाठवला, त्याला हे वाचायला द्या.