थर्मासमधला तुकडा

ऐंशीच्या दशकातली गोष्ट... त्या मंगळवारी दुपारी मी मांडीवर थर्मास घट्ट धरून रिक्षाने अंधेरीच्या आमच्या लॅबकडे निघाले होते. थर्मासमध्ये माणसाच्या मेंदूचा वाटाण्याएवढा तुकडा होता.

तुकडा मुलुंडच्या राणे नावाच्या कामगाराचा. कारखान्यात डोक्याला मार बसल्यापासून त्यांना फिट यायची, म्हणून ती जिथून सुरू होते असं वाटलं, तेवढा भाग सर्जननी काढला. फिट थांबली तरच कारखाना त्यांना पुन्हा मशीनवर उभं करणार होता.

तुकडा तपासायला त्यांच्या बायकोने, राणेवहिनींनी, एका अटीवर होकार दिला होता... फिट त्यातच होती का, ते मी स्वतः येऊन सांगायचं.

माझा विषय मेंदूतल्या पेशींच्या फांद्या, म्हणजे डेंड्राइट. आमचे सर म्हणायचे, फांद्या म्हणजे नुसत्या वायरी, सिग्नल त्यांतून जाता जाता विरतो. मला वाटायचं, फांद्यांनाही स्वतःचे आयन चॅनल असणार... सोडियम, कॅल्शियम आत घेणारी सूक्ष्म दारं. ती उघडली की फांदी स्वतःच सिग्नल उसळवत असणार.

तुकड्याचे पातळ काप क्षारांच्या द्रावणात ठेवले, सिलिंडरचा गॅस सोडला, काचेची बारीक सुई एका फांदीत शिरली... आणि स्क्रीनवर झटके सुरू झाले. आपोआप, एकामागून एक.

सर खुर्ची ओढून शेजारी बसले. "फिटच आहे गं ही," हळूच म्हणाले. मलाही तसंच वाटत होतं.

मग द्रावणाकडे लक्ष गेलं. ते दुधासारखं गढूळ झालं होतं.

आम्हाला ऑक्सिजनमध्ये थोडा कार्बन डायऑक्साइड मिसळलेला लागतो. तो नसला की द्रावणातलं कॅल्शियम खडूसारखं खाली बसतं. आणि कॅल्शियम कमी पडलं की सोडियमची दारं उगाचच उघडतात... मग निरोगी पेशीही असेच झटके देते.

गॅस एजन्सीला फोन केला. मालक खुशीत होता. "मॅडम, तुम्हीच बोललात ना, पेशंटचं काम आहे? मग मिक्स कशाला देऊ यार... एकदम प्युअर ऑक्सिजन भरून दिला." त्याने मनापासून केलं होतं. तोवर सगळे काप मेले होते.

दुसऱ्या दिवशी वॉर्डबाहेर मी राणेवहिनींना सगळं सांगितलं. झटके आमच्या द्रावणामुळे आले, त्यामुळे फिट त्या तुकड्यात होती की नाही हे आता कधीच कळणार नाही...

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. सकाळपासून ह्यांना धाकट्या मुलीचं नाव आठवत नाहीये, असं म्हणाल्या. मग माझ्याकडे बघून विचारलं, "फिट नाय गावली... तर मगे बाय, त्या तुकड्यात ह्यांचा काय होता?"

 

त्या माझ्यावर चिडल्या नाहीत... चिडल्या असत्या तर बरं झालं असतं.