कोरड्या पाटातलं मेज

एसेनकुल बाइके, म्हणजे एसेनकुल दादा, आमच्या गावचे पाटकरी. एकतीस वर्षं पाटाची दारं त्यांनीच उघडली आणि त्यांनीच पाडली. कोणाची पाळी कधी, किती तासांची, हे त्यांना तोंडपाठ होतं आणि ते कोणासाठी बदलत नसे. एकदा सख्ख्या मेहुण्याचा गहू अर्धा भिजला असताना वेळ संपली म्हणून त्यांनी दार पाडलं. मेहुणा दोन वर्षं बोलला नाही. बाइके म्हणाले, "बोलत नाही, पण पाळीवर येतो आता."

मी इथल्या शाळेत शिकवते, माझं घर पाटाला लागूनच आहे. त्यामुळे बरंचसं मी पाहिलं आणि उरलेलं त्यांच्या बायकोने, झूरा एजेने, म्हणजे झूराताईने सांगितलं.

त्या वर्षी मार्चमध्ये पंचायतीने कोरडा पाट नऊ दिवसांसाठी बिश्केक शहरातल्या सहा कलाकारांना दिला. प्रत्येक जण तिथे काहीतरी मांडणार, सगळ्यांचं मिळून एक प्रदर्शन होणार, नवव्या दिवशी शहरातून लोक बघायला येणार. दहाव्या दिवशी वर्षाचं पहिलं पाणी सुटायचं होतं. त्याआधी ज्याला जे न्यायचं ते त्याने न्यावं, बाकीचं पाण्याबरोबर जाईल. पंचायतीच्या प्रमुखांनी बाइकेंना बोलावून सांगितलं, "तुम्ही लक्ष ठेवा."

"कशावर?"

"ते जे काय ठेवतील त्यावर."

पहिल्याच दिवशी एकाने बिनकाचेच्या अकरा खिडक्या पाटाच्या रुंदीत ओळीने उभ्या केल्या. एकाने गव्हाचे कोंब उगवलेली लांबलचक चटई अंथरली. आयजार्किन नावाच्या मुलीने कच्च्या मातीचं मेज बांधलं, वीस माणसं बसतील एवढं, आणि त्यावर मातीचेच नान, मातीचीच किटली, मातीच्याच वाट्या मांडायला घेतल्या. काहीच भाजलेलं नव्हतं. बोट दाबलं तर खळगा पडायचा.

बाइके काठावर बसून बराच वेळ बघत राहिले. मग विचारलं, "पोरी, हे कशाचं आहे?"

"तुम्हाला काय वाटतं, बाइके?"

"मला काही वाटलं असतं तर विचारलं असतं का?"

ती हसली आणि पुढची वाटी घडवायला लागली. बाइके घरी आले. झूरा एजेने चहा ओतला तर म्हणाले, "मेज आहे, पण जेवायचं नाही. खिडक्या आहेत, पण घर नाही. मी राखण कशाची करतोय?"

"तुमच्या डोक्याची करा," एजे म्हणाली. "तेवढं शाबूत राहिलं तरी पुष्कळ."

तिसऱ्या दिवशी मेंढ्या पाटात उतरल्या आणि गव्हाची चटई फस्त करून गेल्या. बाइके काठी घेऊन धावले, पण उशीर झाला होता. मान खाली घालून त्या कलाकारासमोर उभे राहिले, तर तो खूश. म्हणाला, याहून चांगलं काय होणार होतं. चौथ्या दिवशी वाऱ्याने दोन खिडक्या कलल्या. बाइकेंनी त्या नीट सरळ केल्या, तर खिडक्यांवाला वैतागला. वाऱ्याने केलं ते तसंच राहू द्यायचं होतं म्हणे.

त्या दुपारी ते माझ्या दारात आले. "बाई, तुम्ही शिकलेल्या. मला नियम सांगा. मेंढीने खाल्लं तर चांगलं, मी सरळ केलं तर वाईट. मी कुठे उभा राहू?"

मला नियम माहीत नव्हता. तसं सांगितल्यावर त्यांना जरा बरं वाटलेलं दिसलं.

आयजार्किनच्या वाट्या पुऱ्या होत नव्हत्या, हात एकटीचे. पाचव्या दिवशी तिने बाइकेंना एक वाटी करायला सांगितली. त्यांनी खूप आढेवेढे घेतले, मग केली. जाड बुडाची, एका बाजूला कललेली. ती त्यांनी मेजाच्या कोपऱ्यावर ठेवली, मग उचलून मधोमध ठेवली, मग परत कोपऱ्यावर. दुपारची भाकरी त्या दिवशी त्यांनी तिथेच, त्या मेजाशी बसून खाल्ली. सहाव्या दिवशीही.

आणि सहाव्याच दिवशी वरच्या तलावावरून फोन आला. ऊन अचानक तापलं होतं, डोंगरावरचं बर्फ भराभर वितळत होतं, तलाव भरला होता. पाणी उद्याच सोडणार. पाटात घ्या नाहीतर बगलेच्या दाराने नदीत सोडून द्या.

पहिली पाळी सापारबायची, पाणी नदीत सोडलं तर तीच लांबणार होती. त्याचा कांदा आठवडाभर पाण्याची वाट बघत होता. बाइके त्याच्या शेतावर गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणाकडे पाळी मागितली.

सापारबाय बघतच राहिला. "तू? माझ्या बापाच्या मयताच्या दिवशी तू मला एक तास पुढेमागे करू दिलं नाहीस. आणि आज त्या मडक्यांसाठी तीन दिवस मागतोस?"

"मडकी नाहीत. वाट्या आहेत."

"त्यातून काय पिणार आहेस?"

"काही नाही."

"मग?"

बाइकेंनी टोपी काढून हातात घेतली. कदाचित त्यामुळेच असेल, सापारबाय खाली वाकला, कांद्याच्या मुळाशी माती चाचपली आणि म्हणाला, "दोन दिवस. तिसऱ्या दिवशी मी स्वतः दार उचलेन."

बाइके जवळजवळ पळतच पाटावर आले. आयजार्किनला सांगितलं, दोन दिवस मिळाले, तुझी माणसं लवकर बोलाव.

ती म्हणाली, "कशाला, बाइके? पाणी उद्या येतंय ना, येऊ द्या. मी ते पाण्यासाठीच केलंय."

"अगं, मी त्याच्यापुढे हात पसरले."

"मला आधी विचारायचं होतंत."

बाइके काठी घेऊन तिथून निघाले. नंतर ते मला म्हणाले, "बाई, जिचं आहे तिला जाऊ द्यायचंय आणि माझं काही नसताना मला नाही. हे उलटं झालं की नाही?"

दुसऱ्या दिवशी सकाळी शहरातून जेवढे येऊ शकले तेवढे आले. बाकीच्या कलाकारांनी आपापलं सामान काठावर घेतलं होतं. पाटात फक्त मेज होतं. बाइकेंनी दाराच्या चाकावर हात ठेवला. मग दार उचललं, पण चारच बोटं. एरवी पहिल्या पाण्याला ते हातभर उचलत. मग पाटात उतरले आणि पाण्याच्या पुढे पुढे चालत निघाले. पहिलं पाणी पालापाचोळा घेऊन येतं, तो दाताळ्याने बाजूला करावा लागतो. पाणी इतकं सावकाश येत होतं की त्यांना मधेमधे थांबून त्याची वाट बघावी लागली.

मेजापाशी ते बाजूला झाले. आधी पाय विरघळले, मग एक बाजू बसली आणि नान, वाट्या सगळं एका कडेला घसरलं. बाइकेंची वाटी जाड होती, ती शेवटपर्यंत टिकली. त्यांच्या हाताच्या अंतरावर होती. ते तिच्याकडे बघत राहिले, उचलली नाही. पाणी त्यांच्या बुटांच्या वर गेलं तेव्हा झूरा एजेने काठावरून हाक मारली, "म्हातारबुवा, या आता वर."

सापारबायच्या शेतात पाणी तीन तास उशिरा पोचलं. तो बांधावर कमरेवर हात ठेवून उभा होता. "ठेवायचं होतं तर दोन दिवस ठेवायचंस. सोडायचं होतं तर नीट सोडायचंस. हे काय केलंस?"

"उशीर झाला," बाइके म्हणाले. "माझ्यामुळे."

"पण का?"

"ते मलाही कळलं नाही."

ऑगस्टमध्ये शहरातून प्रदर्शनाचं पुस्तक आलं. त्यात कलाकारांच्या नावांत सातवं नाव एसेनकुल बाइकेंचं होतं. ते पुस्तक घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले चूक झाली आहे, ती दुरुस्त करायला पत्र लिहून द्या. मी लिहून दिलं. आयजार्किनचं उत्तर आलं, चूक नाही. बाइकेंनी दुसरं पत्र लिहायला लावलं, की मग मी काय केलं तेवढं तरी कळवा. त्याला उत्तर आलं नाही. पुस्तक त्यांनी पिठाच्या पेटीमागे ठेवून दिलं आणि झूरा एजेने तिथून काढून सगळ्या गल्लीला दाखवलं.