मंदाकाकूंचा प्रश्न

मंदाकाकू फुटबॉलचा सामना बघायला यायच्या, पण चेंडूकडे बघायच्या नाहीत. पुलगावचा संघ आमच्या बोरगाव मेघेच्या मैदानावर आला की त्या आपली लोखंडी घडीची खुर्ची घेऊन पुलगावच्या गोलमागे जाऊन बसायच्या. मध्यंतरानंतर संघांनी बाजू बदलल्या की खुर्ची उचलून दुसऱ्या टोकाला. पूर्ण नव्वद मिनिटं त्यांची नजर एकाच माणसावर असायची, पुलगावचा बचाव सांभाळणारा स्टॉपर गजू याच्यावर. तो चेंडू अडवायला गोलजवळ आला की त्या विचारायच्या, "गजू, निलेशचा पाय कसा हाय, इचारलं नाई तू."

ओरडून नाही. दुकानात गिऱ्हाइकाला साडीचा रंग विचारावा तशा आवाजात. त्यांचं बोरगावातच पिको-फॉलचं दुकान होतं. काका लवकर गेले, तेव्हापासून शिलाई मशीनवर त्यांनी घर चालवलं आणि निलेशला वाढवलं. निलेश त्यांचा एकुलता एक मुलगा आणि आमच्या क्लबचा सात नंबर. उजव्या बाजूनं तो चेंडू घेऊन निघाला की मैदानाबाहेरचे ढोलवाले वाजवायचे थांबून बघत राहायचे. नागपूरच्या एका मोठ्या क्लबनं त्याला चाचणीसाठी बोलावलं होतं. त्याच्या आधीच्या रविवारी पुलगावशी सामना होता आणि त्या सामन्यात गजूनं त्याचा गुडघा तोडला.

मी त्या दिवशी आमच्या गोलमध्ये उभा होतो. मैदानाची अर्धी लांबी मध्ये होती, तरी हाडाचा आवाज मला ऐकू आला. काकूंना दवाखान्यात ही गोष्ट मीच सांगितली. का सांगितली, कोण जाणे. माणूस अशा वेळी काहीतरी बोलतो. दोन ऑपरेशनं झाली. निलेश चालायला लागला, पण उजवा पाय पुन्हा पूर्ण वाकला नाही. त्यानं मोबाइल दुरुस्तीचं काम शिकून घेतलं आणि आईच्या दुकानातच एका बाजूला काउंटर टाकला. त्याच्या मनात गजूबद्दल राग होता की नाही, मला कधी कळलं नाही. तो फक्त म्हणायचा, "आई, सोड ना आता. खेळात होते असं."

काकू सुईत दोरा ओवता ओवता म्हणायच्या, "पाय तुया हाय. पोरगा माया हाय."

आमचा क्लब म्हणजे फार मोठं काही प्रकरण नव्हतं. खेळाडूंना सामन्यामागे थोडंफार मानधन मिळायचं, बाकी सगळे कुठे ना कुठे नोकरी-धंदा करणारे. माझं स्वतःचं इलेक्ट्रिकच्या सामानाचं दुकान. पण रविवारी तीन-चारशे माणसं मैदानावर यायची, आणि त्या माणसांमध्ये काकूंचं वजन होतं. निम्म्या गावाच्या साड्या त्यांच्या मशीनखालून गेलेल्या. नव्या खेळाडूची जर्सी सैल झाली तर तो आधी काकूंकडे जायचा. त्या कमरेत टिपा मारून द्यायच्या आणि बजावायच्या, "जर्सी अंगाले बसली पाह्यजे. नाई तं समोरचा धरून ओढते."

पुलगावचा सामना त्यांच्या मैदानावर असला तरी काकू चुकवत नसत. सकाळच्या पॅसेंजरनं खुर्चीसकट जायच्या. तिथल्या पोट्ट्यांनी पहिल्यांदा त्यांची टवाळी केली, मग घाबरले, मग त्यांना जागा करून द्यायला लागले. तीन वर्षं हे चाललं. गजूचा खेळ आमच्या डोळ्यांदेखत उतरत गेला. सोपा चेंडू त्याच्या पायाखालून निघून जायचा. एकदा त्यानं स्वतःच्याच गोलमध्ये हेड मारला. आम्ही नाचलो. काकू हसल्यासुद्धा नाहीत. त्यांनी पुन्हा तोच प्रश्न विचारला.

तोवर माझं खेळणं थांबलं होतं आणि मी क्लबचा सचिव झालो होतो. एका संध्याकाळी सराव सुरू असताना गजू मला भेटायला आला. तो पुलगाव स्टेशनवर ऑटो चालवायचा, तो ऑटो घेऊनच आला होता. मैदानाच्या कडेला उभा राहून म्हणाला, "दादा, त्या काकूले समजावा. मले खेळताच येत नाई आता. घरी जेवतानाबी तोच आवाज येते."

मी म्हणालो, "मग तू जाऊन माफी का मागत नाहीस?"

"कोणत्या तोंडानं मागू? म्या मुद्दाम केलतं ते. भगत सरांनी सांगतलं होतं. सात नंबर नागपूरले जाता कामा नये, त्याले उठू देऊ नको. म्या नाई म्हटलं असतं तं टीममधून गेलो असतो."

भगत सर म्हणजे तेव्हाचे पुलगावचे प्रशिक्षक. आणि ज्या आठवड्यात गजू माझ्याकडे आला, त्याच आठवड्यात आम्ही भगत सरांना आमच्या क्लबकडे आणायचं ठरवलं होतं. कमिटीत त्यांचं नाव मीच सुचवलं होतं. संघ जिल्ह्यात पहिला आला तर विभागाच्या लीगमध्ये जाणार होता, आणि सरांइतका जाणता माणूस आसपास दुसरा नव्हता.

मी गजूला म्हणालो, "हे कोणाला सांगू नकोस. मी बघतो."

मी काहीच बघितलं नाही. सर आले. संघ जिंकायला लागला. आता दर रविवारी, समोर पुलगाव नसलं तरी, काकूंची खुर्ची गोलमागे दिसायची, आणि सर त्यांना नमस्कार करून पुढे जायचे. काकूही नमस्कार करायच्या. तेवढ्यापुरता मी गुणतक्ता चाळायला लागायचो. दर रविवारी आम्ही जिंकत होतो, आणि जिंकणाऱ्या माणसाला बरंच काही गिळता येतं.

शेवटी गजूलाच राहवलं नाही. तो एका दुपारी सरळ काकूंच्या दुकानात गेला. काकूंनी मशीन थांबवून सगळं ऐकून घेतलं आणि निलेशच्या काउंटरकडे बोट केलं. "मले काय सांगतं? त्याले सांग. त्याच्या तोंडाकडं पाहून सांग." गजूनं सांगितलं. सांगताना तो रडला, निलेशनंच त्याला पाणी दिलं. तो जायला निघाला तेव्हा काकूंनी त्याला एकच गोष्ट विचारली, "हे आणखी कोणाले सांगतलं होतं तू?"

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या दुकानात आल्या. मी त्यांना बसायला स्टूल दिलं, त्या बसल्या नाहीत.

"सुधीर, तुले गजूनं दिवाळीच्या आधी सांगतलं होतं. खरं का खोटं?"

"खरं आहे, काकू."

"मंग तू काऊन चूप राह्यला?"

मी म्हणालो, क्लब वर जाणार होता, सगळ्या गावाचा फायदा होता, आणि सरांना काढून निलेशचा पाय काही परत येणार नव्हता. बोलताना मलाच माझा आवाज नकोसा झाला होता. काकू माझं बोलणं संपेपर्यंत थांबल्या.

"सरांले काढता का नाई?"

"चार सामने राहिले आहेत, काकू. तेवढे होऊ द्या."

"होऊ दे," असं म्हणून त्या गेल्या.

पुढचा महिनाभर त्या घरोघर फिरत होत्या, हे मला नंतर कळलं. तयार साडी पोचवायला स्वतः जायच्या, उंबऱ्यात उभं राहून झालेली गोष्ट सांगायच्या, जशीच्या तशी. ढोलवाल्यांनाही त्यांनी सांगितलं. कोणाकडे काही मागितलं नाही. फक्त म्हणाल्या, "आखरीच्या मॅचले मी सरांले एक गोष्ट इचारणार हाय. तुमालेबी इचारावं वाटलं तं इचारजा."

शेवटच्या सामन्यात आम्हाला बरोबरी पुरेशी होती. मैदान भरलं होतं, पण ढोल वाजत नव्हते. मला वाटलं, ढोलवाले उशिरा येतील. ते ढोल जमिनीवर ठेवून बसले होते. काकूंची खुर्ची त्या दिवशी प्रथमच गोलमागे नव्हती, आमच्याच संघाच्या बाकाच्या पाठीमागे होती. सामना सुरू झाला, सर उठून सूचना द्यायला रेषेपाशी गेले, आणि काकूंनी विचारलं, "सर, निलेशचा पाय कसा हाय?"

सर वळून हसले. त्यांना वाटलं, बाई चौकशी करते आहे. मग शेजारच्या बाईनं तेच विचारलं. मग मागच्या रांगेनं. मग ढोलवाल्यांनी. सर तोंड उघडतील तेव्हा तीन-चारशे माणसं साध्या बोलण्याच्या आवाजात तोच प्रश्न विचारायची आणि गप्प व्हायची. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. मध्यंतरात कर्णधारानं मला बाजूला घेऊन विचारलं, "दादा, हे खरं हाय का?" मी हो म्हणालो. तो आत जाऊन खेळाडूंशी काय बोलला ते मला माहीत नाही, पण दुसऱ्या सत्रात एकाही खेळाडूनं सरांच्या खुणेकडे वळून पाहिलं नाही. आम्ही दोन गोलांनी हरलो. सर शेवटची शिट्टी वाजायच्या आधीच मागच्या फाटकानं निघून गेले. पुन्हा जिल्ह्यात कोणत्याच संघाबरोबर ते दिसले नाहीत.

काही खेळाडू रडत होते. निलेश मैदानाबाहेर उभा होता, त्याचा चेहरा उतरला होता. "आई, क्लब मायाबी होता," तो म्हणाला. काकूंनी खुर्चीची घडी केली. "हाय ना. घरी चाल. आज भूक लागली मले."

क्लब पुन्हा कधी त्या जागी पोचला नाही. मी सचिवपद सोडलं. काही दिवसांनी धीर करून माफी मागायला काकूंच्या दुकानात गेलो. त्यांनी मशीन थांबवलं नाही. म्हणाल्या, "गजूनं पाय तोडला. सरानं तोडाले लावला. ते पराये होते. तू तं घरचा होता." मी अजून उभा आहे हे पाहून पुढे म्हणाल्या, "तुया बायकोच्या साड्या पाठवत जा. तू येजो नको."

आणि ते त्यांनी पाळलं. माझ्या बायकोच्या साड्या नीट करून द्यायच्या, तिच्याशी गप्पा मारायच्या, चहा पाजायच्या. रस्त्यात मी समोर आलो तर माझ्यामागच्या भिंतीकडे पाहायच्या. सहा वर्षं. या काळात गजू मात्र त्यांच्या घरचा झाला. निलेशला तपासणीसाठी सेवाग्रामच्या दवाखान्यात न्यायचं असलं की पुलगावहून ऑटो घेऊन तोच यायचा. त्यालाही काकूंनी माफ केलं, असं मी म्हणणार नाही. निलेशला जिना चढताना त्रास झाला की त्या गजूला हाक मारून तिकडे बघायला लावायच्या. पण त्याला जेवल्याशिवाय परत जाऊ देत नसत.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला काकू गेल्या. तापाचं निमित्त झालं. बातमी कळताच मी दुकान बंद करून गेलो. अंगणात गाव जमलं होतं. तिरडी बांधून झाली तेव्हा मी पुढे झालो. निलेश माझ्याजवळ आला आणि त्यानं माझा दंड धरून मला हलकेच बाजूला घेतलं. त्याला माझ्याकडे बघवत नव्हतं.

"दादा, राग नका मानू. आईनं सांगून ठेवलं हाय. गजूनं खांदा देला तं चालते. तुमी नाई."

मी म्हणालो, "ठीक आहे."

गजूनं पुढचा खांदा घेतला. निलेश मडकं धरून सगळ्यांच्या पुढे चालायला लागला. त्याचा पाय वाकत नव्हता, म्हणून तो हळू चालत होता, आणि तो हळू चालत होता म्हणून सगळं गाव हळू चालत होतं. मोक्षधाम एरवी दहा मिनिटांच्या वाटेवर आहे. त्या दिवशी फार वेळ लागला. मी सगळ्यांच्या मागे होतो.